लूमच्या ॲल्युमिनियम कव्हरवर काय मारावं? ग्लास बीड, अक्रोड की आणखी काही?

लूमवाला_अक्कलकोट_रोड
नमस्कार. एमआयडीसीत आमचं छोटं शेड आहे, टॉवेलच्या लूमचे पार्ट दुरुस्त करतो. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम कव्हरांवर तेल आणि सुताची धूळ मिळून असा थर बसतो की खरवडण्यात पोराचा अर्धा दिवस जातो. शिवाय गनमेटलचे बुश आणि जस्ताच्या डायकास्टची बारीक हँडलं असतात. आता जुनं ब्लास्टिंग कॅबिनेट (हवेच्या जोरानं बारीक दाणे मारून पार्ट साफ करायची बंद पेटी) घेतलंय, सक्शन गनचं. कॉम्प्रेसर ३ एचपी. विकणाऱ्यानं ब्राऊन ॲल्युमिनियम ऑक्साइडचं पोतंही दिलंय. भंगारातल्या कव्हरवर मारून बघितलं. निघालं स्वच्छ, पण हाताला पॉलिश पेपरसारखं लागतंय. मऊ धातूला नेमकं काय वापरतात?

फिटर_७०_फुटी
नदीची वाळू चाळून, वाळवून मारा की. पूर्वी सगळे तेच करायचे.

जुना_टर्नर
वाळूचं नाव काढू नका ओ. कण फुटतो, ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनमध्ये कास्टिंग साफ करायला वाळू मारणं १९४९ च्या नियमांनीच बंद झालं.

लूमवाले, तुमच्या प्रश्नाकडे येतो. कडकपणा मोजायच्या मोहस पट्टीवर ऑक्साइड ९, तुमचं ॲल्युमिनियम जेमतेम पावणेतीन. त्यात कण टोकदार. खरखरीत होणारच. ते पोतं गंजलेल्या लोखंडासाठी ठेवा. पण एकाच कॅबिनेटमध्ये आज लोखंड, उद्या ॲल्युमिनियम असं करू नका. गंजाची पूड आणि ॲल्युमिनियमची धूळ एकत्र साठली आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. शिवाय लोखंडाचे कण कव्हरात रुततात आणि पुढे तिथेच तांबूस डाग येतात.

कव्हराच्या बाहेरच्या अंगाला ग्लास बीड घ्या, १५० ते २१२ मायक्रॉनची. काच ॲल्युमिनियमपेक्षा कडकच असते, पण मणी गोल, त्यामुळे कापत नाही, ठोकत जाते. प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास, गन तिरकी, एका जागी थांबायचं नाही. गॅस्केटची बसक आणि बेअरिंगचं घर टेपनं झाका, आट्यांत जुने बोल्ट घाला.

मात्र आधी धुणं. तेलकट थरावर काहीही मारलं तरी चिखल होतो, मीडियाही (मारायचे दाणे) वाया जातो. रॉकेल किंवा डिग्रीझर, मग साबणाचं गरम पाणी, मग पूर्ण वाळवा. माझ्या मते तुमचं निम्मं काम इथेच संपतं. एक सांगून ठेवतो, आपल्याकडे डायिंगवाल्यांकडे कॉस्टिक सोडा सहज मिळतो म्हणून त्यात कव्हर बुडवायचा मोह होतो. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं.

बुशना ब्लास्टिंग करूच नका. काचेचा एक कण आत रुतला की तो शाफ्ट घासत बसतो. धुवा, नायलॉन ब्रश मारा, बास.

लूमवाला_अक्कलकोट_रोड
धन्यवाद काका. बुशचं डोक्यातच नव्हतं. जस्ताच्या हँडलांना पण ग्लास बीडच का? एकानं खायचा सोडा सांगितलाय.

जुना_टर्नर
हँडलांना अक्रोडाच्या टरफलाचा भुगा नाहीतर मक्याच्या कणसाच्या बुंध्याचा भुगा. रंग आणि मळ निघतो, धातूला धक्का लागत नाही. फक्त वेळ लागतो, तेवढा धीर धरा. घरी मका दळून भागणार नाही. एकसारख्या दाण्याचा, कोरडा माल लागतो.

सोडा तर त्याहून मऊ. पण स्वयंपाकघरातला फार बारीक असतो, सक्शन गनमध्ये गोळा होऊन बसतो. ब्लास्टिंगचा वेगळा मिळतो. एकदा मारलेला परत वापरता येत नाही, आणि रंग द्यायचा असेल तर सोड्याचा अंश पूर्ण धुवावा लागतो, नाहीतर रंग सुटतो.

फिटर_७०_फुटी
वाळूचं मागं घेतो. पण ३ एचपीला हवा पुरेल का?

जुना_टर्नर
बारीक नोझल लावलं तर पुरेल, मधे मधे थांबून. टाकीचं पाणी रोज सकाळी सोडायचं आणि गनच्या आधी मॉइश्चर सेपरेटर लावायचा. एप्रिल-मेत आपल्याकडे हवा कोरडी, तेव्हा त्रास जाणवत नाही. पावसाळ्यात मात्र सेपरेटर नसेल तर भुगा नळीतच घट्ट बसतो.