अनुभव धागा : पोर्शनबाहेरचं शिकणं आणि लोकांनी मारलेले शिक्के

गणितवाली, नाशिक रोड

मी नववी-दहावीला गणित शिकवते. शाळेत माझं नाव ‘टाइमपास बाई’. मुलांनी नाही, स्टाफरूमने ठेवलंय. कारण आठवड्यातला एक तास मी पुस्तक मिटून ठेवते आणि फळ्यावर नुसते आकडे मांडते.

हे खूळ आलं देवळालीहून. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं आकड्यांवरचं काम किरकोळ वाटायचं. १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या गणिताच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

त्यांचा ६१७४ माहीत नसेल तर आत्ता कागद घ्या. कुठलीही चार अंकी संख्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथेच येतात.

हातच्याच्या वजाबाकीला नाक मुरडणारी नववीची मुलं या नादात अख्खं पान वजाबाक्या करतात. मागच्या बाकावरच्या एकाबद्दल मला जूनमध्येच सांगून ठेवलं होतं की याच्यावर वेळ घालवू नका. त्याने विचारलं, “दोन अंकी घेतल्या तर?” म्हटलं, करून बघ. दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. “बाई, थांबतच नाही, गोल फिरतंय. आणि सगळे नऊच्या पाढ्यातलेच कसे?” १०अ + ब मधून १०ब + अ वजा केले की ९(अ − ब) उरतात, हे त्याला फळ्यावर दाखवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. प्रश्न त्याचा होता ना. (वार्षिक परीक्षेत त्याला किती पडले ते विचारू नका. फार नाही पडले.)

पालकसभेत विचारणा होतेच, “मॅडम, हे परीक्षेला येतं का?” येत नाही. माझं एम.एस्सी. झालेलं नाही, तेही अधूनमधून ऐकवलं जातं.

तर लिहा. शिक्षकच असायला हवं असं नाही. कशाचा नाद लागला, त्यातून काय शिकलात, आणि लोकांनी तुम्हाला काय समजलं?

द्राक्षबाग, निफाड तालुका

मी शाळेत ‘झोपाळू’ होतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे थंडी कडाक्याची पडते. पारा फार खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं. वडील आणि मी. मग सकाळी शाळेत पहिल्याच तासाला डोळा लागायचा. उठवून बाहेर उभं करायचे, ‘का झोपतोस’ हे कुणी विचारायचं नाही. मीही सांगितलं नाही. बागेचं रडगाणं वर्गात काय गायचं?

विज्ञानाच्या सरांनी बुरशीचा धडा घेताना विचारलं, “डाऊनी, द्राक्षावरचा रोग, कुणी पाहिलीय?” मी बसल्या जागेवरून बोलत सुटलो. पानावर वरून तेलकट पिवळा डाग पडतो, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. भुरी वेगळी, ती राख भुरभुरल्यासारखी दिसते. गोडी छाटणीनंतर (फळं धरायला ऑक्टोबरच्या सुमारास करतात ती) पाऊस आला तर डाऊनीची धास्ती, पुढे कोरडं-थंड झालं की भुरीची. सरांनी मला फळ्याजवळ बोलावून पान काढायला लावलं.

पुढच्या रविवारी सर आमच्या बागेत आले. त्यांना खरंच शिकायचं होतं! वडिलांनी त्यांच्या हातात कात्री दिली. सर काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, सोडून भलतीकडेच कापायचे आणि वडिलांना मास्तरांवर ओरडता येईना, नुसते “असूद्या, असूद्या” म्हणत कपाळाला हात लावायचे. मी आज शेतीच करतो. त्या सरांचा फोन छाटणीच्या सुमारास अजून येतो, डोळे कसे फुटले विचारायला.

सातपूरकर

दहावीला बरे मार्क असून आयटीआयला गेलो. नातेवाइकांनी परस्पर मला नापास करून टाकलं. दशांश अपूर्णांक शाळेत कधी झेपले नव्हते. बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर हातात आला आणि ०.०१ मिलिमीटरने जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, रिजेक्ट व्हायला लागला, तेव्हा डोक्यात बसले. एवढंच.

लेणीवाला, पाथर्डी फाटा

मी इतिहास शिकवतो. पांडवलेणी घरापासून जवळ, तरी वर्षानुवर्षं नुसता पायऱ्या चढून वारा खाऊन यायचो. मग तिथल्या लेखांच्या ब्राह्मी लिपीचा नाद लागला. तक्त्यावरून अशोकाच्या काळची अक्षरं घोकली. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, थ म्हणजे गोलात टिंब. ऐटीत लेण्यात गेलो तर काही वाचता येईना. इथले लेख कितीतरी नंतरचे, अक्षरांना वळणं आणि शेपट्या आलेल्या. पुन्हा पहिलीपासून.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला आहे. ही पुळुमावीची आजी, आपल्या गेलेल्या मुलाचं, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करते आहे. वर्गात सांगितलं की हा राजा नावापुढे आईचं नाव लावायचा, तर मुलींनी लगेच वह्यांवर स्वतःची नावं तशी लिहून पाहिली.

गैरसमज म्हणाल तर दोन. भिंतीसमोर वही घेऊन बसलेला पाहून रखवालदाराला वाटलं मी नाव कोरणार. त्याचं बरोबरच होतं म्हणा, इतर लोक तेच करतात. आणि गावाकडे भावकीने ठरवलंय की मास्तरला गुप्तधनाचा नाद लागलाय. चुलतभाऊ गंभीरपणे वाटा मागून गेला.

विद्यार्थिनी (वय विचारू नये), सिडको

शाळा मधेच सुटली होती. मुलगी नोकरीला लागल्यावर मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला आणि बी.ए.ला प्रवेश घेतला. आपल्या नाशकातच १९८९ साली निघालेलं विद्यापीठ, आणि मला त्याचा पत्ता मुलीने सांगितला! पहिल्या रविवारी अभ्यासकेंद्रावर शिपाई म्हणाला, “मावशी, मुलाला सोडायला आलात का?” आत गेले तर शिकवणारे सर उठून उभे राहिले. त्यांना वाटलं तपासणीला कुणी आलं. यजमान विचारतात, आता काय कलेक्टर होणार? मी म्हणते, आधी अर्थशास्त्राचा पेपर निघू दे.

एक बाप, इंदिरानगर

सगळं वाचलं. छान आहे, पण उलटी बाजूही सांगतो. माझी सहावीतली मुलगी चित्रं उत्तम काढते. त्यामुळे शाळेत सगळ्यांनी ठरवलं की ही कलाकार, हिला गणित येणार नाही, आणि प्रेमाने सोडून दिलं. आता तीच सांगते, मला गणित जमत नाही, मी आर्टिस्ट आहे. हा शिक्काच ना? फक्त गोड शब्दांत मारलेला.

गणितवाली, नाशिक रोड

अगदी शिक्काच. आणि तो पुसायला जास्त अवघड, कारण मुलांना तो आवडतो.

तिला हे द्या. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ अधिक १ अधिक ५, २१. म्हणजे २१ ला जन्म देणारी संख्या सापडली. २० साठी अशी कुणीच सापडत नाही. कापरेकर अशांना स्वयंभू म्हणायचे, त्यांनाच देवळाली संख्या असंही नाव आहे. एका ओळीत दहा घरं अशी १ ते १०० ची चौकट आखून त्यातल्या स्वयंभू तेवढ्या रंगवायला सांगा. आकडे मी देत नाही, तिलाच शोधू दे.

एक बाप, इंदिरानगर

रंगवल्या. पहिल्या ओळीत एक सोडून एक, मग २०, आणि ३१ पासून ९७ पर्यंत तिरकी सरळ रेघ. रेघ बघून वेडी झाली. चौकट स्वतःच पुढे वाढवली. १०८ पर्यंत रेघ नीट जाते आणि मग ११९ ऐवजी ११० च येते. आता तिला राग आलाय की रेघ मोडली का. मला सांगता येत नाहीये. तुमच्याकडे पाठवू?

गणितवाली, नाशिक रोड

आधी १०९ मध्ये त्याचे अंक मिळवून बघायला सांगा. मग पाठवा. येताना चौकट घेऊन ये म्हणावं.