लेपर्ड गेको खात नाही, शेपटी बारीक होतेय (परभणी)

गेको_परभणी: लेपर्ड गेको (पाळीव पालीची एक जात) आहे, मादी, दोन वर्षांची. थंडी वाढल्यापासून खाणं घटलं, आता मीलवर्मकडं (खाऊ म्हणून देतो त्या अळ्या) बघतही नाही. वजन 58 ग्रॅम होतं, आज 51 भरलं. शेपटी बुडाशी बारीक दिसतेय. टाकीत खाली वाळू आहे, वर पिवळा बल्ब. लाइट गेली की तोही बंद. आठवडाभरात शी नाही. सिरिंजनं अंड्याचा बलक भरवू का?

शहाबादी: बलक नको. आज काहीच भरवू नका. आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी. अंग गार असताना पोटात गेलेलं पचत नाही, तिथंच सडतं, आणि जनावर आणखी खंगतं.

परभणीत डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खालीही जातो. फरशीवरच्या काचेच्या टाकीत तुमच्या बल्बचा काही उपयोग नाही, आणि रात्रभर उजेड राहिला तर ती लपूनच बसणार. टाकीच्या तळाचा साधारण तिसरा भाग व्यापेल एवढी हीट मॅट बाहेरून खाली लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करतो तो) नाही. नुसती मॅट तापत जाते आणि पोटाची कातडी भाजते, वरून कळतही नाही. वाळू आजच काढा, ती ऊब अडवते आणि घासाबरोबर पोटातही जाते. मॅटच्या वर आत शहाबादीचा पातळ तुकडा ठेवा, बाकी तळाला टिश्यू पेपर. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाचं तापमान मोजणारं बोंडूक, त्या शहाबादीवर चिकटवा. हवेत लोंबकळत ठेवला तर तो भलतंच तापमान मोजतो. 32 अंशांवर लावा. गार बाजू 24 ते 26. एरवी रात्री थोडं उतरलं तरी चालतं, आजारी असताना गरम कोपरा रात्रीही चालू ठेवा. तीन बाजूंना थर्माकोल लावा. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर तिला लांब सरकता येईल.

पाण्यासाठी झाकणाला भोकं असलेला डबा घ्या. 30 अंशांचं पाणी, तिच्या कोपरापर्यंतच, 15 मिनिटं, दिवसातून एकदा. तापमान थर्मामीटरनं बघा, हाताला कोमट लागतं ते तिला जास्त असू शकतं. नंतर पुसून थेट उबेत. नाकाच्या शेंड्यावर थेंब ठेवला तर चाटते. शीबरोबरचा पांढरा खडा पिवळा-नारिंगी आणि टणक असेल तर अंगात पाणी कमी आहे.

तुती_जालना: दादा, मादी आहे तर आधी पोट बघा. पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहायचं. दोन्ही बाजूंना लांबट पांढुरके गोळे दिसले तर अंडी आहेत. नर नसला तरी होतात, आणि त्या काळात खाणं सुटतं. ओल्या कोकोपीटचा डबा ठेवा. कुंथत असेल, मागचे पाय ओढत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. जबडा बोटानं हलकेच दाबून बघा. रबरासारखा वाकला तर कॅल्शियम घटलंय, मग तोंड उघडायचा प्रयत्नही करू नका, हाड मोडतं.

गेको_परभणी: गोळे नाहीत, जबडा टणक आहे. मागच्या शीत मात्र वाळू दिसली होती. दाखवू कुठं? इथं दवाखान्यात म्हशी-शेळ्याच.

नमुना_डबी: गावातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे की. आधी फोन करून सरपटणारे प्राणी कोण बघतं ते विचारा. कोणी नसलं तरी शीची तपासणी आणि एक्स-रे होतो का ते विचारता येईल. ताजी शी स्वच्छ डबीत, ओलसर ठेवून, त्याच दिवशी न्या. सुकलेल्या नमुन्यात फारसं सापडत नाही. शेपटी बारीक होतेय हे आवर्जून सांगा, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला सूक्ष्म परजीवी नेहमीच्या तपासणीत सहसा निसटतो, त्यासाठी नमुना वेगळ्या रंगानं रंगवून बघावा लागतो. दुसरा गेको असेल तर चिमटा, भांडी, सगळं वेगळं ठेवा.

उबेत ठेवून, पाण्यात बसवून पाच-सहा दिवसांत शी झाली नाही तर एक्स-रे हवाच. पोट फुगलं, काळपट दिसलं तर तेवढंही थांबू नका. एरंडेल किंवा पॅराफिन तोंडात ओतू नका, फुफ्फुसात जातं. जंताचं औषध अंदाजानं तर नाहीच.

तुती_जालना: शी झाली आणि ती गरम कोपऱ्यात पसरून बसायला लागली की रेशमाची अळी देऊन बघा. मऊ, पाणीदार, मीलवर्मपेक्षा पचायला सोपी. आपल्याकडं तुतीवाले गावोगावी आहेत, बॅच चालू असेल तर चार अळ्या सहज देतील. मात्र अळ्यांवर चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर धुरळतात, म्हणून धुरळणीआधीच्याच मागा आणि तुतीवर फवारणी कधी झाली तेही विचारा. अळीची जाडी तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून कमी हवी. दिवेलागणीला एकच द्या. रेशमाची अळी फारशी वळवळत नाही, चिमट्यानं नाकासमोर हलवावी लागते. सोयाबीन-कापसाच्या रानातले नाकतोडे अजिबात नको, फवारणीचं विष त्यांच्यातून हिच्या पोटात जातं.

शहाबादी: आणि न खाल्लेले मीलवर्म रात्री टाकीत सोडू नका, अशक्त गेकोला चावतात. वजन दर तीन दिवसांनी, एकाच वेळी, 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. 12 टक्के आधीच गेलंय. 48 च्या खाली आलं तर पातळ खाद्य भरवायचं डॉक्टरांकडून शिकून घ्या. एवढ्या वजनाला सुरुवात 0.5 मिलीपासून, ओठाच्या कडेला थेंब लावून चाटवत.