अनुभव धागा : देव न मानणं हाही एक धर्मच का?

गौरीजेवणाच्या पंगतीत मावसभाऊ म्हणाला, "तू देव मानत नाहीस, म्हणजे देव नाही असं मानतोस. मग तीही श्रद्धाच की!" मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुरावा दिसत नाही म्हणून मी मानत नाही, उद्या दिसला तर मत बदलेन, आणि धर्मात अशी मुभा नसते, हे सगळं घरी परतल्यावर सुचलं. पण घरात वागताना मी तेवढा मोकळा असतो का, याची खात्री वाटेना. म्हणून विचारतोय. वाद नको, अनुभव लिहा.

सांगली, शिक्षिका

आमचं लग्न नोंदणी पद्धतीचं. सासरे कट्टर विवेकवादी, घरात देव्हारा नाही. निघताना आईने ब्लाउजपिसात गुंडाळून एक रांगता बाळकृष्ण हातात दिला, पितळेचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. तो मी साड्यांच्या घडीत ठेवला. काळा पडला की दुपारी सगळे झोपल्यावर चिंचेने घासायचे आणि पुन्हा घडीत. पूजा कधीच केली नाही, आईची वस्तू म्हणून जपला.

अकराव्या वर्षी कपाट हलवताना तो सासऱ्यांच्या पायाशी पडला. "या घरात हे चालणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे." माझी आजी 'सोवळं' हा शब्द ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात ते 'तत्त्व' म्हणाले. मी त्याच आठवड्यात बाळकृष्ण माहेरी ठेवून आले.

माणूस फार मोठ्या मनाचा, हेही सांगायला हवं. माझं बी.एड. त्यांनीच हट्टाने करून घेतलं. पाळीत बाजूला बसणं मला या घरात कधी माहीत झालं नाही, तेही त्यांच्याच तत्त्वामुळे. त्यांच्या नास्तिकपणाला मी धर्म म्हणणार नाही. पण ज्याला प्रश्न विचारता येत नाही असं काहीतरी त्या दुपारी आमच्या घरात होतं, एवढं नक्की.

नागपूर, बँकेत नोकरी

तुमच्या प्रश्नात देव आणि धर्म एकच धरलेत. आमच्याकडे ते एक नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला आज दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर माझे आजोबा होते. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पहिलीच अशी की ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. म्हणजे देव नाकारूनच आम्ही धम्मात आलो. मला कुणी नास्तिक म्हटलं तर राग येत नाही, निधर्मी म्हटलं तर येतो. आजोबांनी धर्म निवडला होता, विचार करून.

वाई, संस्कृत शिकवतो

थोडी भर. जुन्या दर्शनांत नास्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिकांत बसतात आणि जैन, बौद्ध, चार्वाक नास्तिकांत. वर्गात हे सांगितलं की दरवर्षी एखादं तरी पोर चक्रावतं.

पुणे, अंनिसचा (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा) कार्यकर्ता

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी इथल्या पुलावर डॉक्टर दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या, तेव्हापासून दर २० ऑगस्टला आम्ही त्या पुलावर जमतो. मुलीने एकदा विचारलं, "बाबा, ही तुमची वारीच ना?" मला ते लागलं, कारण पूर्ण खोटं नव्हतं. पण आमच्या शाखेत उपास करणाऱ्या बायका आहेत, घरी गणपती बसवणारे आहेत. समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीशी आहे. शिवाय बैठकीत आम्ही डॉक्टरांच्या मतांवरही कडाडून वाद घालतो. हे थांबेल त्या दिवशी मुलीचं म्हणणं खरं मानीन.

ठाणे, एका मुलीचे वडील

शाळेच्या अर्जात धर्माचा रकाना मोकळा सोडला. कारकुनाने स्वतःच 'हिंदू' लिहून टाकलं. कुणालाही धर्म सांगायची सक्ती करता येत नाही, 'धर्म नाही' असं लिहिता येतं, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. मी ते खोडायला लावलं. रिकामी जागा म्हणजे पण एक धर्म, असं कसं म्हणायचं?

चिपळूण

वडिलांचं देहदान केलं. मेडिकल कॉलेजची गाडी गेली आणि अंगण एकदम मोकळं झालं. अस्थी नाहीत, दहावा नाही. आई म्हणाली, "आता काय करायचं असतं रे?" मला सांगता येईना. धर्म असता तर तेराव्यापर्यंतचं सगळं त्याने सांगितलं असतं. भटजींनी नाहीतर भावकीने हाताला काम लावलं असतं. आमच्या न मानण्याकडे त्या दिवसांसाठी काहीच नव्हतं, आणि माझ्यापुरतं धाग्याचं उत्तर तेच आहे.

शेवटी दहाव्या दिवशी आम्ही कुळथाचं पिठलं नि भात केला, बाबांच्या आवडीचा, आणि येईल त्याला वाढला. धाकट्या काकांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, चार शितं बाजूला काढली, डोळे मिटले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना आणखी भात वाढला.