शब्दचर्चा: ‘आनंद निवडा’ की ‘आनंद करा’? (बोलणाऱ्यांची ओळख इंदूरमधल्या त्यांच्या वस्तीच्या नावानं)

सुदामानगर: ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर आमच्या चर्चच्या मंडळीत नव्या वर्षाची कार्डं वाटतात. इथे इंदूरला उपासना हिंदीतच होते, पण मराठी घरंही आहेत, म्हणून यंदा थोडी कार्डं मराठीत काढतोय. विषय आहे आनंदाचा आणि दयाळूपणाचा संकल्प. मसुद्यात ‘आनंद निवडा, दया निवडा’ असं आलंय. कानाला खटकतं. काय लिहावं?

छावणी: खटकणारच! निवडायची ती मेथी. बायबलमधलं प्रेषित पौलाचं पत्र, फिलिप्पैकरांस ४:४ पाहा: ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ एरवी आपण ‘मला आनंद झाला’ म्हणतो. तो होतो, आपण नुसते धनी. पौल मात्र ‘करा’ म्हणून आज्ञा देतो, आणि तीही बंदिवासातून. दिवस पालटायची वाट न बघता करायची ही गोष्ट आहे. संकल्पाला याहून नेमकं क्रियापद मला तरी सुचत नाही.

राजवाडा: ‘खुशी’ घेतली तर? मराठीत खुशी म्हणजे मर्जीसुद्धा: ‘तुझी खुशी’, ‘राजीखुशीनं दिलं’. निवडण्याचा भाव त्यात आपोआप येतो. दिवसभर हिंदी ऐकून आपल्या मुलांना हा अर्थ कळेनासा झालाय, त्याचं फार वाईट वाटतं.

छावणी: अर्थ सुंदर आहे दादा, पण मर्जी रोज फिरते. कार्डावर आनंदच राहू दे.

पलासिया: मला दयेबद्दल बोलायचंय. ‘दया येते’ ती बहुधा वरून खाली बघताना. गलतीकरांस ५:२२ मध्ये आत्म्याचं फळ सांगताना आपल्या पवित्र शास्त्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि मग ‘ममता’ आहे. शेजारच्या काकूंचे यजमान अंथरुणाला खिळलेत. तरी पावसात दूधवाला आला की त्या त्याला आत बोलावतात, डोकं पुसायला पंचा देतात, ‘जय मसीह की’ म्हणून चहा पुढे करतात. याला दया म्हणवत नाही, ही ममता. इफिसकरांस ४:३२ मधला ‘कनवाळू’ही गोड आहे. त्याच्या जोडीचा ‘उपकारी’ मात्र आज कुणी उपकार चढवतोय असा ऐकू येतो.

सुदामानगर: ताई, ममता पटली. पण ‘ममता करा’ म्हणायचं?

पलासिया: नाही, ‘धारण करा’. कलस्सैकरांस ३:१२ मध्ये करुणायुक्त हृदय, ममता, सौम्यता धारण करायला सांगितलंय. वस्त्रासारखी, रोज सकाळी.

सुदामानगर: मग ‘आनंद करा, ममता धारण करा’ हे ठरलं. आणि वर ‘संकल्प’ चालेल ना? आमच्या आजेसासूबाईंना त्यात पूजेची पळी आठवते.

छावणी: खुशाल लिहा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या चरणी वाहिलं, तिथे संकल्पाला कोण अडवतंय? फक्त मुलांच्या कार्डावर ‘धारण करा’ जड होईल. तिथे ‘मायेनं वागा’ छापा.