डब्याला पृष्ठं २ की ३? मुलगी भूमितीत अडकलीय

गंगापूररोड_आई
नमस्कार, मुलगी पाचवीत आहे, सध्या पृष्ठं, कडा, शिरोबिंदू चाललंय. घनाचं ६, १२, ८ तोंडपाठ आहे पण काल हातात साबणाचं खोकं देऊन म्हटलं मोज, तर कडा एकदा ९ आल्या नि एकदा १४. आणि वृत्तचितीचं, म्हणजे गोल डब्याच्या आकाराचं, तर मलाच कळेना, डब्याला पृष्ठं २ म्हणायची की ३? टेस्टमधे ३ लिहिलं तर चूक आलंय, बिचारी रडली. कोणी नीट सांगेल का प्लीज.

सातपूरकर
ताई, टिकल्यांचं पाकीट घ्या. प्रत्येक कोपऱ्याला एक टिकली, ८ लागल्या की शिरोबिंदू झाले. कडा मोजताना पोरं खोकं हातात फिरवत राहतात आणि तिथेच चुकतात, ते टेबलावर ठेवायचं, वरच्या ४, खालच्या ४, उभ्या ४, मोजलेल्या कडेवर स्केचपेन फिरवायचा. आमच्याकडे दोन दिवसात जमलं.

दिंडोरीचा_बागाईतदार
आमच्याकडे सीझनला द्राक्षाचे बॉक्स सपाट पुठ्ठे म्हणून येतात, घड्या घालून पेटी करायची. माझा पोरगा इष्टिकाचिती (खोक्याचा आकार) त्यातच शिकला, कारण घडी घातली की तिथे कड होते हे त्याला दिसलं. अशा उलगडलेल्या सपाट पुठ्ठ्यालाच पुस्तकात घडणी म्हणतात. घरचं कुठलंही खोकं उलगडा, फक्त चिकटवायच्या पट्ट्या कापून टाका नाहीतर त्याही पृष्ठं म्हणून मोजेल. घनाच्या घडणी वेगवेगळ्या ११ होतात, चौकटीच्या वहीत शोधायला लावा, सुट्टीचा एक दिवस आरामात जातो.

निवृत्त_गणितशिक्षिका
आधी प्रश्न नीट वाच बाळा. "सपाट पृष्ठे किती" असेल तर २, नुसतं "पृष्ठे" असेल तर वक्र धरून ३, आणि मग तिचं उत्तर बरोबर आहे, सरळ जाऊन बाईंशी बोल. कडा २, दोन्ही गोल, शिरोबिंदू एकही नाही. डब्याभोवती कागद गुंडाळून उभा काप दे, सुटला की आयत मिळतो, म्हणजे ते वक्र पृष्ठ एकच आहे हे तिला आपोआप पटेल.
आता पडताळा. सपाट पृष्ठांच्या आपल्या नेहमीच्या आकृत्यांत पृष्ठे + शिरोबिंदू = कडा + २, हे ऑयलरचं सूत्र. खोक्याला ६ + ८ = १२ + २. डब्याला लावलं तर ३ + ० आणि २ + २, जुळत नाही. पण कागदाचा जोड जिथे येतो ती उभी रेघ कड धरली, तिची दोन टोकं शिरोबिंदू धरली, की ३ + २ = ३ + २. मला हे फार आवडतं, वर्गात दरवर्षी करायचे.
बटाट्याचा घन कापून दे. एक कोपरा उडवला की पृष्ठं ७, शिरोबिंदू १०, कडा १५, पण आधी तिला मोजू दे, सांगू नकोस.

गंगापूररोड_आई
मॅडम, प्रश्नात "सपाट" शब्द नव्हताच, उद्या जातेय शाळेत. बटाटा केला, १५ बरोबर मोजल्या!! आता आठही कोपरे कापायचेत म्हणून बसलीय, १४ पृष्ठं झालीत, कडा ३६ वर गेल्यात, आणि भाजीला बटाटे उरले नाहीत.