कुत्रा लिफ्टमध्ये अंगावर जातोय, तातडीने मदत हवी आहे

सिंहगडरोडकर : ब्रुनो गेले पंधरा दिवस लिफ्टमध्ये कोणी शिरलं की अंगावर जातो. काल खालच्या मजल्यावरच्या काकांची पँट धरली. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. घरात इतका गुणी आहे की मुलीच्या ताटाला तोंड लावत नाही. पुण्यात चांगला ट्रेनर सुचवा, लवकर.

टेकडीवाला : जात, वय, नर की मादी? नुसती पँट धरली की दात लागले?

आजीचा_मोती : ट्रेनर कशाला? चोक चेन घाला आणि अंगावर गेला की एक झटका द्या. मालक कोण ते कळलं पाहिजे. आमच्या वाड्यात मोती एका फटक्यात सुधारला होता.

खारी_बिस्कीट : कृपा करून असं करू नका. माणूस दिसला की गळा आवळतो, एवढंच तो शिकेल. मार खाऊन गुरगुरणं बंद झालेला कुत्रा पुढे न गुरगुरता चावतो.

आजीचा_मोती : चाळीस वर्षं कुत्री पाळतोय ताई. कळपाला नेता लागतोच.

टेकडीवाला : ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच, ज्यांच्या लिखाणामुळे ती पसरली, त्यांनीच १९९९ मध्ये ती चूक असल्याचं लिहिलं.

मुठाकाठ : महापालिकेचा परवाना काढलाय का? मीटिंगमध्ये आधी तोच मागतील.

सिंहगडरोडकर : परवान्याचं नंतर बघते. लॅब्राडोर, नर, अडीच वर्षं, नसबंदी नाही. काकांच्या पोटरीवर ओरखडा आहे, थोडं रक्त आलं होतं. ते म्हणाले, हळद लावतो.

टेकडीवाला : अहो, हे आधी सांगायचं! हळद नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि काकांना आजच दवाखान्यात न्या. ब्रुनोचं रेबीजचं कार्ड सोबत घ्या. त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण तेवढ्यासाठी काकांचं इंजेक्शन लांबवू नका.

भाकरी_प्रेमी : पोळी देता का? गव्हाने डोकं तापतं. आमच्या पामेरियनला बाजरी सुरू केली.

खारी_बिस्कीट : गव्हाचा काय संबंध! सिंहगडरोडकर, पिल्लू असताना त्याला बाहेर किती नेलं होतंत?

सिंहगडरोडकर : दोन महिन्यांचा आणला. लसी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही असं सांगितलं होतं. मग सासूबाईंचं ऑपरेशन झालं, घरी कोणी येईना. पहिल्यांदा खाली उतरला तेव्हा सहा महिन्यांचा होता. आमचंच चुकलं का?

खारी_बिस्कीट : दोष देत नाही, पण इथेच घोटाळा होतो. तीन ते साधारण चौदा आठवडे या वयात पिल्लू जे बघतं ते त्याला ओळखीचं वाटतं. लसी अपुऱ्या असताना जमिनीवर सोडायचं नाही हे खरं, पण कडेवर घेऊन फिरवता येतं. मी आमच्या राणीला मांडीवर घेऊन कर्वे रस्त्याच्या कडेला बसायचे. सिटी बस, हेल्मेट, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळं दाखवलं. काकांच्या हातात काय होतं?

सिंहगडरोडकर : छत्री! ओला रेनकोटही होता. ब्रुनोची शेपूट पोटाखाली गेली होती, पाठीवरचे केस उभे होते.

टेकडीवाला : म्हणजे भीती. पण अडीच वर्षांनी अचानक वाढली, तर दुखणंही तपासा. कान खाजवतो का? पावसाळ्यात लॅब्राडोरचे कान फार बिघडतात.

सिंहगडरोडकर : डोकं सारखं झटकतो. आत्ता कान उलटून बघितला, आत लाल आहे, कुबट वास येतोय. हात लावला तर माझ्यावरही गुरगुरला.

आजीचा_मोती : कान दुखत असेल तर झटका देऊ नका. आधी डॉक्टर.

सिंहगडरोडकर : अपडेट. कानात इन्फेक्शन निघालं, थेंब सुरू केलेत. काकांना पहिलं इंजेक्शन दिलं, मी सोबत गेले होते. तूर्त जिन्यानेच नेते, चौथा मजला आहे. हॉलमध्ये मिटलेली छत्री ठेवलीय आणि लांबूनच पनीरचे तुकडे देते. आज तो तिच्यापासून दोन फरश्यांवर येऊन बसला. टोपलीसारखी मझल, म्हणजे तोंडाला बांधायची जाळी, कशी निवडायची?

खारी_बिस्कीट : नाकाची लांबी आणि तोंडाचा घेर मोजून जा. आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. पहिले काही दिवस नुसतं पनीर ठेवा आत, बांधू नका.