हॉस्पिटलची नोकरी सांभाळून हेल्थ पॉलिसी-मॅनेजमेंटचं ऑनलाईन मास्टर्स: मी म्हणतो करावं

कापूरबावडीकर
ठाण्यात एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन्सला, म्हणजे रोजच्या कारभाराला, आहे. आमच्याकडे कोणी ऑनलाईन मास्टर्सचं नाव काढलं की लगेच सुरू होतात, घरबसल्या कागद विकत घेणार का म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. नर्सिंग इनचार्ज, बिलिंग, टीपीए (विम्याचे क्लेम बघणारा) डेस्क, क्वालिटी, इथली निम्मी माणसं अनुभवावर वर आलेली आहेत, क्लेम कुठे अडकतो ते झोपेत सांगतील, पण राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत एखाद्या ऑपरेशनचं पॅकेज, म्हणजे हॉस्पिटलला मिळणारी ठरलेली रक्कम, इतकंच का, ते कोण ठरवतं, कव्हर दीड लाखाचं पाच लाख झालं तरी बरीच खासगी हॉस्पिटलं अंग का चोरतात, हे विचारलं की गप्प. हे शिकायचं तर कुठे? टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हेल्थ पॉलिसी, इकॉनॉमिक्स अँड फायनान्सचा एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थचं मास्टर्स, आहे, उत्तम आहे, पण दोन वर्षं फुल टाईम मुंबईत देवनारला. घराचा हप्ता कोण भरणार? ऑनलाईनशिवाय आम्हाला पर्यायच नाही, आणि पर्याय नाही म्हणून तो हलका असं होत नाही.

वॉर्ड_नंबर_सात
दादा, राग मानू नका पण हे सगळं एसीत बसून बोलायला छान आहे. मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलात २४ तासांत १८ पेशंट गेले, आठवतंय ना? तिथे कमी काय पडलं, पॉलिसीची डिग्री? बेड आणि हात कमी पडले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. लिहिणारे कमी नाहीयेत आपल्याकडे, आयव्ही लावणारे कमी आहेत. अजून चार जण लॅपटॉपवर मास्टर्स करून मॅनेजर झाले की आम्हाला भरायला अजून चार फॉर्म येतात एवढंच.

कापूरबावडीकर
ताई, उदाहरण तुम्ही दिलंत पण ते माझ्या बाजूचं आहे. तेव्हा ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचं नव्या इमारतीसाठी स्थलांतर चाललेलं, कळव्यावर लोड वाढलेला, आणि जिल्ह्यात दुसरीकडून नको त्या अवस्थेत रेफर होऊन पेशंट शेवटी तिथेच येतात. एक मोठं हॉस्पिटल हलवताना त्याचे पेशंट कुठे जातील, तिथे आयसीयूचे बेड किती, नर्स किती, हा हिशोब आधी करायचा असतो, आणि तो वॉर्डातून होत नाही, वर बसलेल्या माणसाला यावा लागतो. हाच तर विषय आहे कोर्सचा. हात कमी आहेत हे मान्यच, पण किती कमी आहेत ते आकड्यात मांडून बजेटच्या मीटिंगमध्ये भांडणारं कोणीतरी नर्सिंगमधून गेलेलं असावं असं नाही वाटत तुम्हाला?

वॉर्ड_नंबर_सात
वाटतं. पण नर्सिंगमधून गेलेल्याला त्या मीटिंगला बोलावतात कुठे?

ऐरोली_नाईट_शिफ्ट
मी अमेरिकन हॉस्पिटलांच्या बिलिंगमध्ये, ऐरोलीला. तिकडच्या युनिव्हर्सिटीचा ऑनलाईन कोर्स बघताय त्यांनी आधी सिलॅबस उघडून बघा, मेडिकेअर आणि मेडिकेड (तिकडच्या म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) १९६५ चं, ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा २०१० चा, अर्धा कोर्स त्यातच जातो. मला ते रोजच्या कामाचं आहे. १९८३ पासून मेडिकेअर हॉस्पिटलला आजाराच्या गटाप्रमाणे ठरलेली रक्कम देतं, पेशंट चार दिवस राहो नाहीतर आठ, म्हणून तिकडे लवकर डिस्चार्जची घाई असते, हे कळल्यावर डिनायल, म्हणजे नाकारलेले क्लेम, वाचायची माझी नजरच बदलली. आणि तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ६ चा लाईव्ह क्लास म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीन, थंडीत साडेचार, मी तसाही जागाच 😄 पण ठाण्यातल्या नर्सिंग होमच्या ॲडमिनने डॉलरमध्ये फी भरून हे का शिकावं मला समजत नाही.

कापूरबावडीकर
का म्हणजे? फुले योजनेतलं पॅकेज म्हणजे तेच तत्त्व की. ठरलेली रक्कम, वरचा खर्च हॉस्पिटलचा. तिकडे चाळीस वर्षांत काय काय पळवाटा निघाल्या ते वाचलं तर इथलं आधीच दिसेल. डॉलरची फी मात्र मीही भरणार नाही.

जुना_बेलापूरकर
महापालिकेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त. ऑनलाईनला माझा विरोध नाही, उगाच नाकं मुरडू नयेत. पण कोर्स इथला हवा. महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलची नोंदणी आजही १९४९ च्या नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन कायद्याखाली होते, केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा आपल्या राज्याने घेतलेलाच नाही. मुलाखतीला येणारे मास्टर्सवाले मला केंद्राच्या कायद्याची कलमं पाठ म्हणून दाखवायचे, आणि परवाना कुठल्या कायद्याने देतात विचारलं की छताकडे बघायचे. दुसरं, प्रवेश घेण्याआधी तो कोर्स यूजीसीच्या ऑनलाईन-डिस्टन्सच्या मान्य यादीत आहे का बघा. २०२० च्या नियमांप्रमाणे मान्य संस्थेची मान्य ऑनलाईन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, पण 'मान्य' हा शब्द दोनदा आलाय तो वाचा. जाहिरातीतला फोनवाला मुलगा हे सांगणार नाही, तो फक्त ईएमआय सांगतो.

एचआरवाली_वाशी
पगाराच्या आशेने करणाऱ्यांनी करू नका, आमच्याकडे तरी मेडिकल डायरेक्टरला एमबीबीएसच लागतो, मास्टर्स केलेला नॉन-मेडिकल माणूस जनरल मॅनेजरपाशी अडकतो. क्वालिटीमध्ये मात्र एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेच्या, वेळी माणसं शोधून मिळत नाहीत.

वॉर्ड_नंबर_सात
समजा केलं. इग्नूचा हॉस्पिटल-हेल्थ मॅनेजमेंटचा डिप्लोमा आमच्यातल्या एका सिस्टरने केलाय, तिला उपयोग झाला हे खरंय, नाही कशाला म्हणू. पण तो अभ्यास ती नाईटनंतर दुपारी झोपायच्या वेळेत करायची. 'वर्किंग प्रोफेशनल' म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यासमोर नऊ ते सहावाला माणूस असतो. रोटेशन ड्युटीवाल्याला शनिवार-रविवारचे लाईव्ह क्लास कसे जमणार? रेकॉर्डिंग चालतं का, हजेरी धरतात का, परीक्षेला सेंटर ठाण्यात की कुठे, हे आधी सांगा, मग पॉलिसी.

कापूरबावडीकर
हे बरोबर विचारलंत. मी ज्यांच्याशी बोललोय तिथे रेकॉर्डिंग चालतं पण प्रोजेक्ट स्वतःच्या हॉस्पिटलवर करावा लागतो, आणि ऑनलाईनचा खरा फायदा मला तोच वाटतो, कॉलेजातल्या पोराला केस स्टडी वाचायला मिळते, आपण रोज त्यातच उभे असतो.

एचआरवाली_वाशी
प्रोजेक्ट काय करणार आहात?

कापूरबावडीकर
डिस्चार्जला लागणारा वेळ. डॉक्टरांनी सही केल्यापासून पेशंट गेटबाहेर पडेपर्यंत. आमच्या एमएसना (मेडिकल सुपरिटेंडेंट) विचारलं, ते म्हणाले विषय चांगला आहे, पण आकडे बाहेर जाणार असतील तर आधी लीगलला मेल टाक. टाकलाय, बघू.

वॉर्ड_नंबर_सात
आकडे दिले तर इथे टाका. आमच्याकडे फार्मसीचं क्लिअरन्स यायलाच जेवायची वेळ होते.